‘चल’ म्हणजे चाल नव्हे

पोकरच्या स्पर्धेत टेबलावर वाद झाला की पत्ते वाटणारा डीलर हात वर करून ‘फ्लोअर’ अशी हाक मारतो. मग चेहऱ्यावर कसलीही उत्सुकता नसलेला एक माणूस येतो, काय झालं ते आधी डीलरला विचारतो, दोन्ही खेळाडूंचं दोन-दोन वाक्यांत ऐकून घेतो, निकाल देतो आणि दुसऱ्या टेबलाकडे निघून जातो. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला तो मान हलवतो, बाटलीतलं पाणी पितो आणि पुढचे पत्ते उचलतो. छत्रपती संभाजीनगरात गणपतीच्या मांडवामागे जागरणाच्या नावाखाली मेंढीकोट बसलेला असतो, तिथे एवढ्याच वादाला रात्रीचे साडेअकरा ते पहाटेचे दोन लागतात, आणि तेव्हाही तो मिटत नाही. चहा आला म्हणून थांबतो. ही दोन दृश्यं शेजारी ठेवली की कुणीही म्हणेल, त्यांच्याकडे नियम आहेत, आपल्याकडे नाहीत. हे खोटं आहे. नियम आपल्याकडे त्यांच्याइतकेच आहेत. किंबहुना दर घराला एक संच या हिशेबाने बरेच जास्त आहेत. आपल्याकडे कमी आहे ती एकच गोष्ट. तिच्याकडे मी सावकाश येणार आहे, कारण पत्त्यांवरच्या लेखात एखादं पान झाकून ठेवायला हरकत नसावी.

पोकरवाल्यांचे नियम काही वेदांइतके जुने नाहीत. अमेरिकेत कॅसिनोगणिक नियम वेगळे होते; एका गावात चालणारी चाल दुसऱ्या गावात बाद व्हायची. म्हणून 2001 मध्ये स्पर्धा चालवणाऱ्या काही मंडळींनी ‘टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन’ ही संघटना काढली आणि एक समाईक नियमावली केली. आता तिच्यात सत्तरच्या आसपास कलमं आहेत. ती वाचताना मराठी माणसाला सारखं वाटत राहतं की हे सगळं आपण कुठेतरी पाहिलेलं आहे. उदाहरणार्थ, पैज लावताना नाणी एकाच झटक्यात पुढे सरकवायची. थोडी ठेवली, समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं, मग आणखी थोडी ठेवली, असं चालत नाही. याला ते ‘स्ट्रिंग बेट’ म्हणतात आणि नंतरची नाणी परत करायला लावतात. कारण उघड आहे: अर्धी चाल करून समोरचा दचकतो का ते बघायचं आणि मग उरलेली करायची, ही लबाडी. (या नियमाने मोजायचं तर आमच्या औरंगाबादचं संभाजीनगर होणं ही जगातली सर्वांत लांब स्ट्रिंग बेट ठरेल. नाण्यांची पहिली चळत 1988 च्या सभेत पुढे सरकली आणि केंद्राची मंजुरी 2023 मध्ये आली. मधल्या पस्तीस वर्षांत प्रत्येकाने प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून घेतलं.) किंवा दुसरा नियम घ्या. समोरच्याने शंभराची पैज लावली आहे आणि तुम्ही तोंडातून अक्षर न काढता पाचशेचं एकच नाणं टाकलंत, तर ती बरोबरी धरली जाते, वाढ नव्हे. चारशे तुम्हाला परत मिळतात. वाढवायचं होतं तर आधी बोलायला हवं होतं. नवखे खेळाडू यावर हमखास भांडतात. पण औरंगपुऱ्यातल्या भाजीवाल्या मावशींना हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. चाळीसची मेथी घेऊन तुम्ही मुकाट्याने पाचशेची नोट पुढे केलीत, तर त्या पाचशेची मेथी बांधून देत नाहीत. त्या फक्त नोटेकडे आणि मग तुमच्याकडे अशा नजरेने बघतात, की सुटे नसल्याचा दंड तिथेच वसूल होतो.

बोललेला शब्द बांधील, हा त्या नियमावलीचा कणा. ‘रेझ’ म्हणालात की वाढवावंच लागतं, ‘फोल्ड’ म्हणालात की पत्ते गेले. जीभ घसरली हा बचाव नाही. म्हणूनच हात चालू असताना टेबलावर कुठली भाषा चालेल हेही आधी सांगितलेलं असतं. अमेरिकेत फक्त इंग्रजी. परदेशी खेळाडूंना हा नियम हेकट वाटतो. संभाजीनगरकराला वाटू नये. इथे पत्त्यांच्या एका सतरंजीवर मराठी, हिंदी आणि दख्खनी अशा तीन भाषा मांडी घालून बसतात, आणि तीनपत्तीत नेमका ‘चल’ हा शब्द तिन्हींत सापडतो. कुणी म्हणतो ‘चल’, तेव्हा त्याने चाल केली, की समोरच्याला ‘चल, तू खेळ’ म्हटलं, की ‘चल, बस झालं, घरी जातो’ म्हणत पत्ते टाकले? तिन्ही अर्थ बरोबर आहेत आणि तिन्हींचे पैसे वेगवेगळे आहेत. त्यात शेजारचा ‘हौ’ म्हणतो. हा हौ म्हणजे होकार, की नुसता ‘ऐकतोय’ असा हुंकार, हे ते ज्याच्या घशातून आलं त्यालाच ठाऊक, आणि पत्ते उघडल्यावर त्यालाही ठाऊक नसतं. तरीही अशा बैठका वर्षानुवर्षं चालतात. कारण मंडळी एकमेकांचा ‘चल’ ओळखतात: अमक्याचा ‘चल’ खालच्या सुरात आला की चाल, वरच्या सुरात आला की घरी. पोकरच्या स्पर्धेत नऊ अनोळखी माणसं एका टेबलाला बसतात, म्हणून प्रत्येक शब्दाची व्याख्या छापावी लागते. आपल्याकडे व्याख्या माणसागणिक असते आणि ती पाठ असते.

शिष्टाचाराचंही तसंच. ‘एका हाताला एकच खेळाडू’ असं त्यांचं एक कलम आहे; म्हणजे खेळताना कुणाचा सल्ला घ्यायचा नाही, कुणाला दाखवायचं नाही, कुणाच्या वतीने खेळायचं नाही. हे कलम मोडल्याची सर्वांत गाजलेली केस आपल्याकडचीच आहे. हस्तिनापुरात पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, असं ठरलं, तेव्हा युधिष्ठिराने हरकत घेतली होती की एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं मला रीतीला धरून वाटत नाही. हरकत बरोबर होती. पण ती नोंदवून तो खेळायला बसला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मेंढीकोटात तर जोडीदार समोरच बसलेला असतो, त्यामुळे या कलमाची रोज परीक्षा. घसा खाकरला म्हणजे हुकूम हातात आहे, कान खाजवला म्हणजे दस्सा माझ्याकडे, चष्मा कपाळावर गेला म्हणजे आता तरी इस्पिक उतर रे बाबा. ही खूण विरुद्ध बाजूला कळत नाही असं मुळीच नाही. तीही त्याच गल्लीतली असते आणि तिलाही खोकला असतो. यात आपण एकटे नाही. 1965 मध्ये ब्युनॉस आयर्सच्या जागतिक ब्रिज स्पर्धेत टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या ब्रिटनच्या जोडीवर आरोप झाला, की पत्ते धरताना किती बोटं दिसतात त्यावरून ते एकमेकांना हातातले बदाम कळवतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरलं. मग ब्रिटनने आपली स्वतंत्र चौकशी नेमली आणि तिने त्यांना निर्दोष ठरवलं. बोटं तीच, निकाल दोन. पुढे ब्रिजच्या मोठ्या स्पर्धांत जोडीदारांच्या मध्ये आडवा पडदाच आला, आणि बोली आवाजात द्यायची सोय काढून छापील कार्डं पुढे ठेवायची पद्धत पडली, कारण ‘दोन बदाम’ हे शब्द सतरा प्रकारे उच्चारता येतात. मेंढीकोटात पडदा लावला तर निम्मे खेळाडू उठून जातील. ते पत्त्यांसाठी बसलेलेच नसतात.

आणखी एक कलम मला विशेष आवडतं. हात संपल्यावर पुढचं पान काय आलं असतं ते उलटून बघायला स्पर्धेत बंदी आहे. रमी खेळलेल्या कुठल्याही मराठी घराला हे कलम अमानुष वाटेल. डाव संपला, समोरच्याने शो केला, ऐंशी गुण अंगावर बसले, तरी हात आपोआप गठ्ठ्याकडे जातो. वरचं पान उलटतं. ती चौकटची सत्ती निघते, जिच्यासाठी आपण चार फेऱ्या खोळंबलो होतो. आणि मग ती सत्ती सगळ्यांना फिरवून दाखवली जाते, जणू त्या सत्तीवर आपला वारसाहक्क होता आणि तलाठ्याने नोंद केली नाही. पोकरवाले म्हणतात, याने वेळ जातो आणि पत्त्यांचं गुपित फुटतं. बरोबर आहे. पण काही शिष्टाचार असे आहेत की ते त्यांच्याकडेही छापलेले नाहीत, आणि तेच सगळ्यात कडक पाळले जातात. आपल्या हातात अजिंक्य पानं आहेत हे ठाऊक असताना ती मुद्दाम उशिरा उघडायची, समोरच्याला जिंकल्याचा आनंद क्षणभर घेऊ द्यायचा, त्याचा हात पैशांवर पडला की मग आपली तीन एक्क्यांची ट्रेल एकेक करून ठेवायची, याला ‘स्लो रोल’ म्हणतात. नियमात बसतं. तरी जगभरच्या टेबलांवर अशा माणसाशी कुणी नीट बोलत नाही. आपल्याकडेही नाही. फक्त आपल्याकडे त्याच्याशी न बोलण्याची मुदत पुढच्या दिवाळीपर्यंत असते आणि त्याच्या बायकोलाही ती लागू होते.

इथे कुणी म्हणेल, तुलनाच चूक आहे. पोकरमध्ये पैसा आहे म्हणून नियम आहेत. आपला मेंढीकोट चिंचोक्यांवर, काडेपेटीतल्या काड्यांवर, फार तर हरणाऱ्याने भेळ आणायची यावर. चिंचोक्यांसाठी कोण नियमावली छापणार? हा आक्षेप वजनदार दिसतो, पण तो अनुभवाच्या विरुद्ध जातो. पैसा जितका कमी, तितका वाद लांब, असंच दिसतं. पैशाचा वाद मिटवायला एक सोपा मार्ग असतो: पैसे अर्धे-अर्धे. चिंचोक्यावरच्या वादात पणाला लागलेली असते ती माणसाची अक्कल, आणि ती अर्धी-अर्धी करता येत नाही. ‘तू रंग असताना कट मारलीस’ हे वाक्य चोरीच्या आरोपाइतकं जड आहे. शिवाय पैसा आला की खेळाचं शहाणपण सिद्ध करायला थेट सर्वोच्च न्यायालय आहे. सिकंदराबादच्या एका क्लबात 1963 मध्ये रमीवर छापा पडला, तो ज्या कायद्याखाली पडला तो निजामाच्या राज्याचा फसली 1305 चा जुगार कायदा. आणि आपला मराठवाडाही 1956 पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होता, म्हणजे केस तशी चुलतघरातली. 1967 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रमीत कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं याला कसब लागतं, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीनपत्ती मात्र निव्वळ नशीब. पत्त्यांवर दिल्या गेलेल्या फ्लोअरच्या निकालांत याहून वरचा निकाल नाही. तीनपत्तीवाल्यांना तो आजही मान्य नाही. त्यांचं म्हणणं, न बघता तीन चाली करायला जे लागतं ते कौशल्य नाही तर काय आहे. त्याला दुसराही शब्द आहे, पण तो लेखात छापण्याजोगा नाही.

तर नियम आहेत, रीत आहे, वाद तेच आहेत. मग त्यांचा वाद एका मिनिटात का मिटतो? आता ते झाकलेलं पान उघडतो, नाहीतर माझ्यावरच स्लो रोलचा आरोप यायचा: निकाल देणाऱ्याच्या हातात पत्ते नसतात. सगळी गोम एवढ्यातच. मेंढीकोटातला नेहमीचा प्रसंग घ्या. बंद हुकूम आहे. किलवर उतारी झाली. डावीकडच्याने ‘माझ्याकडे किलवर नाही, हुकूम उघड’ म्हटलं, हुकूम बदाम निघाला, त्याने बदामाची पंजी मारून हात नेला आणि त्यात विरुद्ध बाजूची एक मेंढी, म्हणजे दस्सा, गेली. तीन हातांनंतर त्याच्याच पत्त्यांतून किलवरची तिर्री बाहेर येते. ती इस्पिकच्या मागे चिकटली होती, असं तो म्हणतो, आणि ते खरंही असेल. मांडवामागे दिवा एकच असतो. आता शिक्षा काय? एका घराच्या रिवाजाने तो हात परत खेळायचा, दुसऱ्या घराच्या रिवाजाने मेंढी परत करायची, तिसऱ्या घरी सरळ कोट चढवतात. निर्णय कोण देणार? बैठकीत वयाने मोठे असलेले दाजी. आणि दाजी कोण? किलवरवाल्याचे जोडीदार. दाजी चष्मा पुसतात, जुन्या काळी पैठणला ते कसे खेळायचे ते सांगतात, आणि पैठणचा रिवाज असा निघतो की हात परत खेळायचा. मागच्या आठवड्यात हाच प्रकार विरुद्ध बाजूकडून झाला होता तेव्हा पैठणचा रिवाज कोट चढवण्याचा होता. दाजी लबाड आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांना खरोखरच तसं आठवतं. हातात एक्का-राजा असला की माणसाची स्मरणशक्ती त्यांच्या बाजूने चालते, यात वयाचाही दोष नाही. हस्तिनापुरात फ्लोअरच्या जागी धृतराष्ट्र होता आणि द्रौपदी पणाला लागली तेव्हा तो पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता की जिंकलं का. आंधळा असणं ही पंचाची पात्रता धरली तरी त्याचा मुलगा त्या पटावर होता. त्यानंतर सभेत द्रौपदीने जो प्रश्न टाकला, आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा हक्क उरतो का, तो पत्त्यांच्या भाषेत साधा आहे: पॅक झालेल्याची चाल धरायची का? पोकरच्या टेबलावर याला दहा सेकंद लागली असती. सभेत बसलेल्या थोरांना उत्तर देता आलं नाही. विकर्ण बोलला, आणि त्याला गप्प बसवलं गेलं, कारण तो वयाने लहान होता.

जुन्या बैठकीतले लोक यावर चिडून म्हणतील, हा कोरडा न्याय आम्हाला नको. दाजी माणूस बघून निकाल देतात, नवख्याला एक चूक माफ करतात, तापट माणसाला थोडं सांभाळून घेतात. पुस्तकातल्या नियमाला ही माया कुठून येणार? हे खरं आहे, आणि याचं उत्तर पोकरच्या नियमावलीतच पहिल्या कलमात बसलेलं आहे. ते असं सांगतं की खेळाचं हित आणि न्याय सर्वांत वर, आणि प्रसंग विचित्र असेल तर तांत्रिक नियमापेक्षा सामान्य शहाणपण मोठं. म्हणजे पहिलं कलम पुढच्या सत्तर कलमांना सांगतं की वेळ आली तर तुम्ही बाजूला व्हा. एवढी छपाई करून शेवटी ती मंडळीही दाजींपाशीच येऊन पोचली. तेव्हा भांडण पुस्तक आणि माया यांच्यात नाहीच. अलिखित रिवाजात काही वाईट नाही. उलट काही रिवाज इतके देखणे आहेत की ते छापावेसे वाटू नयेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पत्ते आणि दहा अवतारांचे दहा रंग. अर्ध्या रंगांत एक्का मोठा, अर्ध्यांत दहा मोठा. आणि उतारी दिवसा राम ज्याच्याकडे त्याची, रात्री कृष्ण ज्याच्याकडे त्याची. सूर्याला पंच नेमणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. मात्र बरोबर तिन्हीसांजेला, दिवा लागलाय आणि आभाळ अजून तांबडं आहे, अशा वेळी वाटप झालं तर राम की कृष्ण? हे ज्याच्याकडे कृष्ण आहे त्याला विचारलंत तर रात्र झालेली असणार.

हल्लीची मुलं वेगळंच म्हणतात: बिनपत्त्यांचा पंच खिशात होता की, मोबाईल. मोबाईलवरच्या रमीत चुकीचा शो केला की क्षणात ऐंशी गुण, अपील नाही, पैठणचा रिवाज नाही. हे निम्मं खरं. मोबाईलच्या हातात पत्ते नव्हते, पण गल्ला त्याच्याच हातात होता. प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेणारा पंच तटस्थ कसा म्हणायचा? 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यामुळे तो प्रश्न तूर्त निकाली निघाला. त्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याची म्हणून एक चित्रफीत फिरली होती. ते म्हणाले, खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो. पान उचललं की नुसतं बोट लागलं, हा पत्त्यांतला फार जुना वाद. त्याचा निर्णय काय व्हायचा तो होवो, पण त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. 1967 चा निकाल ज्यांनी वाचला असेल त्यांना हा बदल तर्कशुद्ध वाटला असेल.

राहता राहिला शेवटचा आणि खरा अडचणीचा आक्षेप: सतरंजीवर बसून पत्ते न घेणारा माणूस आणायचा कुठून? पोकरच्या स्पर्धेत त्याला पगार मिळतो. गोव्यात मांडवीवरच्या जहाजांत 1976 च्या कायद्यातल्या दुरुस्तीच्या आधारावर हा धंदा उघड चालतो, म्हणून तिथे डीलर आहे, फ्लोअर आहे, त्यांना गणवेश आहे. आपल्याकडे गणवेश घालून कोण बसणार? पण नीट बघितलं तर हा माणूस प्रत्येक बैठकीत आधीपासून असतो. मेंढीकोटाला चार लागतात आणि येतात पाच. तो पाचवा, ज्याचा नंबर पुढच्या डावाला आहे, तो मागे गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेला असतो. सध्या तो जे करतो ते नियमावलीतल्या निम्म्या कलमांचं उल्लंघन आहे: दोघांचे पत्ते बघतो, ‘अरे काय टाकलंस’ म्हणून कपाळाला हात लावतो, आणि त्या हातावरून तिसऱ्याला चौथ्याचे पत्ते कळतात. याच माणसाला पंच करा. त्याला पत्ते ठाऊक आहेत, हातात एकही नाही, आणि वाद लवकर मिटवण्यात त्याच्याइतकं हित कुणाचंच नाही, कारण तो मिटला तरच त्याचा नंबर लागणार. उच्च न्यायालयाचं खंडपीठ 1981 पासून या शहरात आहे. वकिलांची इथे कमी नाही, त्यामुळे पाचव्याच्या निकालावर अपील करण्याचा मोह होईल. पण फ्लोअरचा निकाल अंतिम, हे वाक्यही त्यांच्या पहिल्याच कलमात आहे. जाता जाता दाजींना त्यांनी मागच्या आठवड्यात सांगितलेला पैठणचा रिवाज तारखेसह वहीत लिहून ठेवायला लावला तर बरं, पण तेवढी अपेक्षा मी करत नाही.

आणि हातात पत्ते नसलेला माणूस आमच्याकडे कधीच येत नाही असंही नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत, विशेषतः पोळ्याच्या आसपास, जिल्ह्याच्या बातम्यांत तो नेमाने येतो. शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली इसम गोलाकार बसून तिर्रट नावाचा जुगार पैशांवर खेळत असतात आणि पोलीस येतात. पोकरच्या नियमावलीत वादग्रस्त गल्ल्याचं काय करायचं यावर बराच खल आहे. इथे तो प्रश्न एका शब्दात सुटतो, मुद्देमाल. रोख रक्कम, मोबाईल, बाहेर लावलेल्या दुचाकी आणि बावन्न पत्त्यांचा एक कॅट, अशी यादी होते. त्या यादीत कुणाकडे जोडी होती आणि कुणाकडे कलर, याची नोंद नसते, म्हणजे तो डाव कायमचा अनिर्णित. यादीखाली दोन सह्या होतात. त्या सह्या करणाऱ्यांना कायद्याच्या भाषेत पंच म्हणतात, त्यांनी पत्त्यांना हात लावलेला नसतो, आणि त्यांना रस्त्यावरून बोलावून आणलेलं असतं. जीपमध्ये मागच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसलेल्या मंडळींत मात्र, शिट्टी वाजण्याआधी जो ‘चल’ म्हणाला त्याने चाल केली होती की पळ म्हणून सांगितलं होतं, हे ठाणं येईपर्यंत ठरलेलं नसणार.